नर कधी येतो? डॅफ्निया, मावा, हायड्रा आणि नेच्यांच्या १३४ दिवसांच्या नोंदी

दिवस ०

प्रश्न एकच आहे. ज्या जिवांचं नराशिवाय छान चालतं, ते नर मुळात करतात तरी कधी? वाचून माहीत होतं, पण मला ते टेबलावर घडताना बघायचं होतं. हे काम पुन्हा कुणी हाती घेतलं तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी.

साहित्य: दोन लिटरच्या काचेच्या सहा बरण्या, दहापट भिंग, साधा सूक्ष्मदर्शक, रुंद तोंडाचे ड्रॉपर, थर्मामीटर आणि टायमरवर चालणारा दिवा. मुख्य जीव डॅफ्निया मॅग्ना, म्हणजे पाणपिसू. सुरुवातीला तीसेक मिळाल्या. तापमान २० ते २२ अंश. दिवा रोज १६ तास.

दिवस १

सगळ्या मेल्या. तीसच्या तीस तळाशी. नळाचं ताजं पाणी वापरलं होतं. क्लोरीनच्या ज्या मात्रेत मासा तग धरतो, तेवढ्यातही पाणपिसू टिकत नाही. दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी बहुतेकदा चालतं, पण पाणीपुरवठ्यात क्लोरॅमिन असेल तर ते नुसतं ठेवून उडत नाही. आता बऱ्याच महिन्यांपासून चालू असलेल्या मत्स्यटाकीचं पाणी घेणार आहे. त्या टाकीत माशांसाठी तांब्याचं औषध कधी घातलेलं नाही ना, हे आधी विचारून घ्या. तांबंही त्यांना मारतं.

दिवस ४

नव्याने १२ आणल्या. या वेळी एक गोष्ट आधीच ठरवली: सगळी वस्ती एकाच नवजात पिल्लापासून वाढवायची. जुन्या बरणीत एखादा नर असला आणि मला दिसला नाही, तर पुढचं काहीच सिद्ध होणार नाही. म्हणून आज जन्मलेली सहा पिल्लं सहा छोट्या बाटल्यांत एकेकटी ठेवली.

दिवस ९

यीस्ट जास्त झालं. चिमूटभर म्हणून घातलं, पण एवढ्याशा बाटलीला ती चिमूट फार होती. पाणी दुधाळ झालं, दोन दिवसांत वास आला आणि सहापैकी चार पिल्लं गेली. आता फक्त हिरवं पाणी: उजेडात ठेवलेल्या बरणीत वाढलेलं एकपेशीय शेवाळ. पाणी फिकट पोपटी दिसेल इतकंच घालायचं, आणि ते पुन्हा नितळ होईपर्यंत पुढचा घास नाही. यीस्टने चालतं असं सांगणारे बरेच भेटतील. चालतं, पण चुकलात तर सावरायला वेळ देत नाही.

दिवस १४

दोन नंबरच्या बाटलीत पिल्लं! नऊ. हिने जन्मापासून दुसरी पाणपिसू पाहिलेली नाही.

तिचं कवच काचेसारखं पारदर्शक आहे, त्यामुळे पाठीकडच्या पिशवीतली अंडी तीन दिवस आधीपासून दिसत होती. आधी हिरवट गोळे, मग त्यांत काळा डोळा, मग हलणारे हात. आज सकाळी पिशवी रिकामी आणि पाण्यात नऊ ठिपके. काही वेळाने तिने कात टाकली. माझी मुलगी शेजारी बसून मोजत होती. तिने विचारलं, “आई, मग ह्यांचे बाबा कोण?” कुणीच नाही. आईच्या पेशीतली गुणसूत्रं अर्धी न होताच अंड्यात उतरतात आणि अंडं फलनाशिवाय वाढतं. नऊच्या नऊ मुली, सगळ्या आईसारख्याच. याला अनिषेकजनन म्हणतात.

हीच माझी मूळ आई. पुढच्या सगळ्या बरण्या हिच्याच वंशाच्या.

दिवस १९

दुसऱ्या खेपेला १६ पिल्लं झाली. पहिली खेप लहान असते, हे लक्षात ठेवा.

वस्ती वाढेपर्यंत मावा, म्हणजे रोपांचा रस शोषणारी बारीक कीड, हाती घेतला. १७४० मध्ये चार्ल्स बोने या विशीतल्या तरुणाने एक मावा जन्मल्याक्षणी वेगळा काढला आणि रोज न चुकता पहारा दिला. त्या एकटीला ९५ पिल्लं झाली. मला तेच करायचं होतं. शेंगवर्गीय रोपावरची एक मोठी मादी उचलून जाळीखाली ठेवली.

दिवस २४

मावा फुगून तपकिरी झाला, कडक झाला, आणि आज त्याच्या पाठीला गोल भोक आहे. आतून बारीक गांधीलमाशी निघून गेली. तिने मी उचलण्याच्या कितीतरी आधी माव्यात अंडं घातलं असणार. मोठा मावा बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी आत काय आहे ते कळत नाही. बोनेने नवजातच का निवडला, ते आता समजलं. पाच दिवस गेले. आज डोळ्यांदेखत जन्मलेलं पिल्लू नव्या रोपावर ठेवलं आणि जाळी मातीत खोल खोचली.

दिवस २६

मोठ्या बरणीतल्या पाणपिसवा अचानक कमी झाल्या. परवा पन्नासच्या वर होत्या, आज मोजून १९. पाणी स्वच्छ, अन्न आहे, मेलेल्याही दिसत नाहीत. बारा दिवसांपूर्वी त्यात एक पाणवनस्पती सोडली होती, शोभेला म्हणून. तिचं पान भिंगाखाली धरलं तर त्यावर तपकिरी धागे, टोकाला लांबच लांब हात, आणि एकाच्या पोटात काळ्या डोळ्यासकट गिळलेली पाणपिसू. हायड्रा, गोड्या पाण्यातला चिमुकला शिकारी प्राणी.

नवी वनस्पती आधी दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायची असते. मी ठेवली नाही. उरलेल्या १९ नव्या बरणीत हलवल्या, प्रत्येक ड्रॉपर भिंगाखालून तपासून.

हायड्रा फेकून देणार होते. पण एकीच्या बुंध्याला कळी फुटलेली दिसली, तिला स्वतःचे छोटे हातही आलेले. मग त्या एकट्या हायड्राला बशीत जागा दिली.

दिवस ३०

कळी सुटून वेगळी झाली. आईला तोवर दुसरी कळी. खाऊ घातलं तर तीन-चार दिवसांना एक, असा वेग आहे. अब्राहम ट्रेम्बली हा निसर्ग अभ्यासक १७४०च्या दशकात हायड्रा कापून बघत होता आणि प्रत्येक तुकड्यातून पूर्ण हायड्रा उगवताना पाहून हा प्राणी की वनस्पती अशा पेचात पडला होता. माझा पेच साधा आहे: रोज आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) ताजी पिल्लं उबवायची. ती गोड्या पाण्यात धुऊन घ्या. मिठाचं पाणी बशीत गेलं की हायड्रा आक्रसते. खाऊन झाल्यावर तासाभरात पाणी बदलायलाच हवं.

दिवस ३३

नव्या माव्याला काल पहिली पिल्लं झाली, आठ दिवसांची असताना. अंडी नाहीत, थेट चालती-फिरती पिल्लं. तिच्या पोटातल्या पिल्लांच्या पोटातही पुढची पिढी वाढू लागलेली असते, म्हणून हा वेग.

आज नेच्याचे बीजाणू पेरले. सेराटोप्टेरिस रिचर्डाय निवडलं, कारण बहुतेक नेच्यांना महिने लागतात ते हे दोन-तीन आठवड्यांत दाखवतं. दोन डब्या: एकीत बीजाणू दाट, दुसरीत अगदी विरळ.

दिवस ४०

डॅफ्नियाची वस्ती पुन्हा दीडशेवर आली. खरा प्रयोग आज सुरू.

बरणी अ: दोन लिटर पाणी, १० पाणपिसवा, भरपूर हिरवं पाणी, दिवा १६ तास.
बरणी ब: अर्धा लिटर पाणी, १२० पाणपिसवा, निम्मं अन्न, दिवा ८ तास आणि वर काळा कागद.

दोन्हींत एकाच आईचा वंश. जनुकांत फरक नाही, फरक फक्त दिवसांत आहे: एकीकडे सुगी, दुसरीकडे टंचाई, गर्दी आणि आखूड दिवस.

दिवस ४१

नेच्याच्या दोन्ही डब्यांत बुरशी. माती उकळून घ्यायला हवी होती, मी नुसती उन्हात वाळवली. टाकून दिलं. माती अर्धा तास उकळली, डब्याही उकळत्या पाण्यातून काढल्या आणि पुन्हा पेरणी.

दिवस ४४

हायड्रा ३१ झाल्या, सगळ्या एकीपासून. निम्म्या थंडीत ठेवायच्या. बुंध्याशी बारीक देठ आहे, हात शरीरापेक्षा कितीतरी लांब आहेत. त्यावरून ही हायड्रा ऑलिगॅक्टिस धरली आहे. या जातीत गारठा हीच लैंगिक प्रजननाची खूण. फ्रिजच्या वरच्या खणात ४ अंश होते, तिथे त्या गोळा होऊन बसल्या आणि खाईनात. सगळ्यात खालच्या खणात ९-१० अंश मिळाले, तिथे हात पसरले.

दिवस ४७

बरणी ब मध्ये नर दिसले! आकाराने लहान, चपळ. सतरा मोजले.

दिवस ५१

वरची नोंद चुकीची आहे. ती नवजात मादी पिल्लं होती. चार दिवस मी त्यांनाच नर म्हणून मोजत होते, आणि आज त्यांच्यातल्या दोघींच्या पिशवीत अंडी दिसली तेव्हा चूक कळली. मागचे चारही आकडे खोडले.

लहान आकार ही खूण नाही. डोक्याच्या खाली, चोचीजवळ बघा. नराच्या तिथल्या स्पर्शिका लांब असतात, मादीच्या जेमतेम दिसतात. प्राणी आडवा पडलेला असेल तेव्हाच हे नीट दिसतं, म्हणून काचपट्टीवर एकच थेंब घ्या. थेंब मोठा असला की ती गोल फिरत राहते आणि डोळे दुखून काहीच हाती लागत नाही.

दिवस ५३

आता खरा नर. मुलीने आधी पाहिला. “आई, ह्याला मिशा आहेत.” खरंच दोन लांब मिशांसारख्या स्पर्शिका. बरणी ब मधून ४० काढून एकेक बघितल्या, त्यांत ६ नर. बरणी अ मधून ४० बघितल्या, एकही नाही.

मी बराच वेळ त्या थेंबाकडे बघत बसले. या नराची जनुकं त्याच्या आईचीच आहेत. त्याला नर करणारं वेगळं गुणसूत्र नाही. गर्दी आणि आखूड दिवस आईच्या शरीराला जाणवतात, तिच्यात मिथाइल फार्नेसोएट हे संप्रेरक वाढतं, आणि मुलगी झाली असती ते अंडं मुलगा होतं. सहा नर, आणि सहाही आपल्या बहिणींचे जुळे भाऊ म्हणावेत असे.

संध्याकाळी तिने विचारलं, सगळ्यांचंच असं असतं का. नाही. विदूषक माशांच्या टोळीत सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो. सफाई करणाऱ्या क्लीनर रास माशात उलटं: एका नराभोवती माद्यांचा गट असतो, नर गेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत तिचं शरीरही नराचं होतं. अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या काही व्हिपटेल सरड्यांत तर नर नाहीतच, तरी दोन माद्या मीलनासारखी कृती करतात आणि त्याने अंडी वाढायला मदत होते. तिला हे शेवटचं फार आवडलं. मला विदूषक मासा.

दिवस ५६

बरणी ब च्या चार माद्यांच्या पाठीवर काळसर तपकिरी डाग. हेच एफिपियम. या शब्दाचा अर्थच खोगीर, आणि दिसतंही तसंच. आत फलित अंडी सुप्तावस्थेत असतात. आज तीन गळून पडली, सुयांनी उघडली. तिन्ही रिकामी.

दोन तास कारण शोधण्यात गेले. माद्यांनी खोगिरं चढवली तेव्हा नर अजून वयात आलेले नव्हते. अंडं फलित झालं नाही तर मादी रिकामं खोगीरच टाकून देते. यात काही बिघडलेलं नव्हतं, मीच घाई केली.

दिवस ६१

माव्याची मोजणी बंद. एकूण ५८ पिल्लं, बोनेच्या ९५ जवळपासही नाही, कारण जाळीत गर्दी होऊन रोप कोमेजलं. गर्दी झाल्यावर काही पिल्लांना पंख आले आणि ती जाळीला चिकटून बसली. नर पाहायचे तर दिवस आखूड करून पिढ्यान्‌पिढ्या थांबावं लागतं, आणि माव्याचे काही वंश नर कधीच करत नाहीत. तेवढी ताकद माझ्याकडे नाही.

दिवस ६३

आजची पाच खोगिरं उघडली नाहीत. उजेडासमोर धरली: चारांत दोन-दोन गडद अंडी. फलित झाली! एका बाटलीत फुकट मिळणाऱ्या मुलींचा पूर, आणि शेजारच्या बाटलीत तीच मादी दोन अंड्यांसाठी इतका खटाटोप करते. साध्या खेपेची पंधरा-सोळा पिल्लं सोडून दोनच. पण ही दोन थंडी, दुष्काळ, वाळवण सगळं सोसतात. तळ्याच्या गाळात शतकानुशतकं पडून राहिलेली डॅफ्नियाची अंडी प्रयोगशाळेत उबवली गेली आहेत.

दिवस ६५

नेचे. नुसत्या डोळ्यांनीही फरक दिसतो. बीजाणूतून थेट नेचं येत नाही, आधी एक छोटी हिरवी पाकळी येते, आणि नर-मादीचं काम तीच करते. विरळ डबीत रुंद, हृदयाच्या आकाराच्या हिरव्या पाकळ्या. दाट डबीत बोटावर मोजण्याइतकी हृदयं आणि त्यांच्याभोवती जिभेसारखी चिंचोळी रोपटी, शेकड्यांनी. चिंचोळी सगळी नर. हृदयाच्या आकाराची उभयलिंगी. जे बीजाणू आधी रुजतात ते उभयलिंगी होतात आणि अँथेरिडिओजेन नावाचा पदार्थ सोडतात. तो लागला की मागून रुजणारे नर होतात. १९५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॉप यांनी असा पदार्थ प्रथम दुसऱ्या एका नेच्यात दाखवला. बीजाणूला आधीपासून लिंग नाही. शेजारी आधी कोण उगवलं, त्यावर ठरतं.

पण एकाही पाकळीवर नवं नेचं नाही.

दिवस ६६

फलित खोगिरं २२ जमली. थोड्या पाण्यासह काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. यातली काही पृष्ठभागावर तरंगतात आणि काचेला चिकटतात. बरणी धुताना माझी निदान सात-आठ गेली असतील. आधी काठ पुसून घ्या.

दिवस ६८

नेच्याचं कोडं सुटलं. बुरशीच्या धास्तीने मी पाणी फक्त खालून देत होते. नेच्याचे शुक्राणू पोहत जातात. पाकळ्यांवर पाण्याचा थर नसेल तर ते पोहणार कशात? आज बारीक फवाऱ्याने वरून भिजवलं. एक नर पाकळी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, आणि काही मिनिटांत मळसूत्री शुक्राणू गरगरत बाहेर आले. मुलीला झोपेतून उठवलं बघायला.

दिवस ७०

थंडीतल्या हायड्रांच्या अंगावर दाणे. २६ दिवस लागले. टोकदार, स्तनाग्रासारखे: वृषणं. पंधराच्या पंधरा नर. अंडाशय एकीलाही नाही, आणि ते स्वाभाविकच. या जातीत नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि कळीतून येणारी प्रजा सहसा मूळच्याच लिंगाची. माझ्या सगळ्या एका नरापासूनच्या. पाणपिसवांसाठी जी खबरदारी बरोबर होती, तीच इथे नडली. फलित अंडी हवी असतील तर दोन-तीन वेगळ्या ठिकाणच्या हायड्रा घ्या.

(वर मी हायड्राला “आई” म्हटलंय. ते तसंच ठेवते.)

दिवस ८०

विरळ डबीत तीन, दाट डबीत सहा छोटी नेची. पाकळीच्या खाचेतून उभी राहिलेली, पहिलं पान नखाएवढं. नेच्यांचं काम इथे थांबवते.

दिवस ९५

थंडीतून परत आणलेल्या पंधरा हायड्रांपैकी सहाच उरल्या. हात आखूड झाले, आर्टेमिया अंगाला लागून निसटते, त्या पकडू शकत नाहीत. ज्या कधी थंडीत गेल्याच नाहीत त्या शेजारच्या बशीत कळ्या देत मजेत आहेत. या जातीत लैंगिक प्रजननानंतर असा ऱ्हास होतो, हे वाचलेलं होतं. रोज सकाळी बशी बघणं तरी जड गेलं. त्यांतल्या दोघांना चिमट्याने भरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पुन्हा करणार असाल तर थंडीत चार-पाचच ठेवा.

दिवस १२२

खोगिरं बाहेर काढली. मत्स्यटाकीचं मुरलेलं पाणी, २० अंश, दिवा १६ तास.

दिवस १२६

पहिलं पिल्लू! चौथ्या दिवशी. कवचाची कड उघडलेली, शेजारी ठिपका.

दिवस १२८

एकूण पाच. २२ खोगिरांतून पाच हे कमी आहे. फ्रिजमधला काळ आणखी वाढवायला हवा होता, असं वाटतं. मधल्या काळात दोनदा कागद उघडून बघितलं, त्या उजेडाचाही काही परिणाम असेल. पाचही वेगवेगळ्या बाटल्यांत.

दिवस १३४

पाचांपैकी चार आहेत. एक बाटली हलवताना सांडली.

चारही माद्या. खोगिरातून येणारी पहिली पिढी मादीच असते. गर्दी नाही, दिवस मोठा, पाणी हिरवं. भिंगातून तीन नंबरची बघितली: पाठीच्या पिशवीत सात हिरवट गोळे. नर अख्ख्या टेबलावर कुठेच नाही. बरणी ब मी मागच्याच आठवड्यात रिकामी केली.